स्टेशनबाहेरची भीती आणि पोलिसांचा आकडा

पोलीस आयुक्तालयाची वार्षिक पत्रकार परिषद झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक तक्ता येतो. खून इतके, घरफोड्या इतक्या, सोनसाखळी चोऱ्या इतक्या, त्यांतले उघडकीस आलेले इतके, आणि शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीचे आकडे. बऱ्याच ओळींत उतार दिसतो. तोच पेपर हातात धरून लोकलमध्ये बसलेला माणूस शेजाऱ्याला विचारतो, "गुन्हे कमी झाले म्हणतात. मग पोरगी रात्री दहाला स्टेशनवर उतरली की तिची आई फोन ठेवायलाच का तयार नसते?"

प्रश्न रास्त आहे. त्याला दोन झटपट उत्तरं मिळतात. पोलीस आकडे दडवतात, हे एक. लोकांना उगाच घाबरायची सवय लागली आहे, हे दुसरं. दोन्हींत थोडंथोडं तथ्य आहे, पण तिथंच थांबलं तर हाती काही लागत नाही. आकडा कसा तयार होतो आणि भीती कशी तयार होते, हे आधी वेगवेगळं पाहायला हवं.

उदाहरणासाठी आपण ठाणे स्टेशनचा परिसर घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथंच येऊन थांबली, आणि तेव्हापासून हे शहर स्टेशनभोवती वाढत गेलं. पश्चिमेला सॅटिसचा पूल, त्यावर बस, खाली रिक्षांच्या रांगा. पुढं गोखले रोड, राममारुती रोड, जांभळी नाका, तलावपाळी. खरेदी, क्लास, बँक, दवाखाना, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. कल्याण, डोंबिवली, वसई, पनवेल कुठंही जा, उपनगराचा मध्य असाच असतो. "आता इथं पूर्वीसारखं राहिलं नाही" हे वाक्यही याच परिसराबद्दल सर्वांत जास्त ऐकू येतं.

१. एका पाकिटाचा प्रवास

समजा, संध्याकाळी सातच्या गर्दीत पादचारी पुलावरून उतरताना एका काकूंच्या पिशवीतलं पाकीट गेलं. पाकिटात साडेतीन हजार रुपये, एटीएम कार्ड आणि आधार कार्ड. रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पहिला प्रश्न हद्दीचा. पाकीट पुलावर गेलं असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे जाते. स्टेशनवर खाकीतले दोन प्रकारचे लोक दिसतात. रेल्वे सुरक्षा दल केंद्र सरकारचं आहे, रेल्वेची मालमत्ता सांभाळणं हे त्याचं मुख्य काम. प्रवाशाच्या चोरीचा गुन्हा नोंदवतात ते राज्याचे लोहमार्ग पोलीस. पाकीट पूल संपल्यावर, रस्त्यावर गेलं असेल तर पश्चिमेला शहर पोलिसांचं ठाणं आणि पूर्वेला कोपरीचं ठाणं. काकूंना पाकीट कोणत्या पायरीवर गेलं हे कसं कळणार? कायद्यानं कोणत्याही ठाण्यानं झिरो नंबरनं गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. काउंटरवर मात्र अजूनही "ही आमची हद्द नाही" ऐकावं लागतं.

दुसरा प्रश्न काय लिहायचं याचा. ठाणे अंमलदार विचारतात, "चोरलं हे नक्की ना? कुणाला पाहिलंत का?" काकू म्हणतात, "गर्दीत कुणाला बघणार, साहेब?" मग सल्ला येतो, "गहाळ लिहू या का? दाखला लगेच मिळेल, बँकेचं काम होऊन जाईल." काकूंना घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे, कार्ड बंद करायचं आहे. त्या मान हलवतात. दाखला मिळतो, आणि झालेली चोरी गुन्ह्यांच्या मोजणीत येतच नाही. गहाळ झालेली वस्तू हा गुन्हा नसतो.

काकूंनी आग्रह धरला तरी तिसरी पायरी उरते. गुन्हे दोन प्रकारचे: दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना एफआयआर नोंदवून स्वतःहून तपास सुरू करता येतो. अदखलपात्र असेल तर फक्त एनसी घेतली जाते आणि तपासासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नव्या संहितेच्या अनुसूचीत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे साडेतीन हजारांचं पाकीट चोरीला गेलं हे सर्वांना मान्य असलं, तरी ते एफआयआरपर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. स्टेशन परिसरात जे खिसे कापले जातात त्यांतल्या कितीएक खिशांत पाच हजार रुपये नसतात!

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला. तो द्यावा लागला यातच मुद्दा आला.

शेवटी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी. ही दिल्लीतली संस्था देशभरातले नोंदलेले गुन्हे एकत्र करते आणि 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल काढते. त्याचा पहिला अंक १९५३ सालचा. मोजणीचा तिचा एक नियम वाचकांना सहसा ठाऊक नसतो: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजायचा. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो, बलात्काराच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही. शिवाय अहवाल यायला वेळ लागतो. २०२२ चे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांची भीती आजची असते, तिच्याशी ताडून पाहायचा आकडा मात्र वर्षभर जुना.

२. नोंदवही फुगते तेव्हा

आता पहिली संकल्पना: नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांतला फरक.

एखाद्या गावात तापाची साथ किती आहे हे तिथल्या दवाखान्याच्या नोंदवहीवरून ठरवायचं म्हटलं तर काय होईल? डॉक्टर खेकसणारा असेल, औषध मिळत नसेल, तर माणसं घरीच काढा पिऊन पडून राहतील आणि वही कोरी दिसेल. बदलून आलेली डॉक्टर चांगली निघाली, तर महिनाभरात वही भरेल. वही पाहणारा म्हणेल, नवी डॉक्टर आली आणि साथ पसरली.

पोलिसांच्या वहीचं असंच होतं, आणि याचं उदाहरण आपल्या लोकलमध्येच आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत मोबाइल गेला की वर्षानुवर्षं तो 'गहाळ' म्हणून लिहून घेतला जायचा. २०१७ च्या सुमारास लोहमार्ग पोलिसांनी अशा तक्रारींवर चोरीचे गुन्हे नोंदवायला सुरुवात केली, आणि नोंदलेल्या मोबाइल चोऱ्यांची संख्या काही पटींनी वाढली. बातम्यांचे मथळे चोरांचा सुळसुळाट झाल्याचे होते. प्रवाशाच्या बाजूनं पाहिलं तर ती सुधारणा होती. फोन गेलेल्या माणसाची तक्रार पहिल्यांदाच धड लिहिली जात होती.

राज्याराज्यांची तुलनाही याच डोळ्यांनी वाचायला हवी. लोकसंख्येच्या प्रमाणात नोंदलेल्या गुन्ह्यांत केरळ अनेक वर्षं देशात वरच्या रांगेत आहे, झारखंड बरंच खाली. म्हणून कुणी केरळातलं घर सोडून सुरक्षिततेसाठी झारखंडात जात नाही. केरळात लोक तक्रार करायला जातात आणि ती लिहून घेतली जाते, हा त्या आकड्याचा मोठा भाग आहे.

हा दोष फक्त आपल्याकडचा आहे असंही समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलीस निरीक्षण विभागानं २०१४ साली नोंदींची तपासणी केली, तेव्हा पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच गेले नसल्याचं आढळलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा काढून घेतला होता. आकड्यांचं काम करणाऱ्यांनी स्वतःच्याच सरकारला हे ऐकवावं, याचं मला फार मोल वाटतं.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? त्यातल्या त्यात खुनाच्या आकड्यावर. मृतदेह 'गहाळ' लिहून घेता येत नाही. तो आकडा काय सांगतो? १९९२ च्या आसपास देशात दर लाख लोकसंख्येमागं वर्षाला साडेचारच्या वर खून होत होते. २०२२ मध्ये २८,५२२ खून झाले, म्हणजे लाखामागं २.१. तीस वर्षांत प्रमाण निम्म्याहून खाली आलं. एवढी मोठी घट आपल्या बोलण्यात कधी ऐकू येते का?

३. भागाकार नीट पाहावा

दुसरी संकल्पना दराची. गुन्ह्यांची नुसती संख्या फसवी असते म्हणून ती लोकसंख्येनं भागतात. फसगत तिथंही होते.

एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यात मुंबईपुढं लोकसंख्या दिसते १८४ लाख. ही २०११ च्या जनगणनेतली, आणि ती बृहन्मुंबई नागरी समूहाची आहे. त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर हे सगळं येतं. मुंबई महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या त्याच जनगणनेत १२४ लाख होती. आता गुन्हे ४०,००० आहेत असं धरा. १८४ नं भागले तर लाखामागं २१७. १२४ नं भागले तर ३२३. गुन्हे तेवढेच, शहर मात्र एका भागाकारानं दीडपट 'धोकादायक' झालं. म्हणून दर वाचताना वरचा आकडा कोणत्या हद्दीतला आणि खालचा कोणत्या, हे आधी विचारावं.

ठाणे या तक्त्यात स्वतंत्रपणे येतच नाही. ते जिल्ह्यांच्या तक्त्यात 'ठाणे आयुक्तालय' म्हणून येतं, आणि या आयुक्तालयात भिवंडी, कल्याण, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचा पट्टा मोडतो. लोहमार्गाचे गुन्हे आणखी वेगळ्या ओळीत. तेव्हा गोखले रोडवरच्या दुकानदारानं "आमच्या भागात चोऱ्या वाढल्या का?" असं विचारलं, तर त्याला देण्याजोगा आकडा या जाडजूड अहवालात कुठंच नाही.

समजा, तो मिळाला. स्टेशनलगतच्या वॉर्डात २०,००० लोक राहतात आणि वर्षात २०० चोऱ्या नोंदल्या गेल्या. दर निघाला लाखामागं १,०००. भयंकर वाटतो. पण त्या वॉर्डातून रोज तीन लाख माणसं ये-जा करत असतील आणि ज्यांची पाकिटं गेली ती बहुतेक त्यांतलीच असतील, तर भागायचं कशानं? तीन लाखांनी भागलं की दर ६७ वर येतो. बाजारपेठ असलेला प्रत्येक मध्यवर्ती भाग निव्वळ तिथल्या रहिवाशांनी भागला की बदनाम होतो.

लहान संख्यांच्या टक्केवारीबद्दलही सांगायला हवं. एका ठाण्याच्या हद्दीत मागच्या वर्षी चार सोनसाखळ्या गेल्या, यंदा सहा. मथळा येतो, 'सोनसाखळी चोऱ्यांत पन्नास टक्के वाढ'. दोन घटना योगायोगानंही इकडच्या तिकडं होतात. एकच टोळी एका दुपारी दोन ठिकाणी गेली तरी तेवढी वाढ दिसेल. अशा वेळी पाच वर्षांचे आकडे ओळीनं मांडून पाहावेत.

आणि 'एकूण गुन्हे' या शब्दांपासून तर सावध राहावं. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, देशातले एकूण नोंदलेले गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. माणसं घरात बसलेली, दुकानं बंद, लोकल बंद, तरीही! कारण त्या वर्षी सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे कलम १८८ चे गुन्हे सुमारे २९ हजारांवरून सहा लाखांवर गेले. बाहेर फिरताना सापडलेला माणूस आणि घरफोडी करणारा माणूस एकाच बेरजेत बसले. चोऱ्या त्याच वर्षी घटल्या होत्या.

४. भीती कशानं बनते

आता दुसरी बाजू. डॅनियल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज माणूस मोजून बांधत नाही. तिचं उदाहरण किती चटकन आठवतं, त्यावरून तो ठरवतो. आठवण ताजी आणि ठसठशीत असेल तर घटना वारंवार घडते असं वाटतं.

पूर्वी सोनसाखळी गेली की चाळीला कळायची, फार तर पेपरात आतल्या पानावर दोन ओळी. आता दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर येतं. दुचाकी वळते, मागचा माणूस वाकतो, बाई पडते. अकरा सेकंदांची ती फीत चार ग्रुपांतून चार वेळा येते, आणि वर्षभरानं कुणीतरी तीच 'आजची घटना, सावध राहा' म्हणून पुन्हा पाठवतं. मनात पाच घटना जमा होतात, घडलेली एकच असते. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुंबई-ठाण्यात सोनसाखळी चोरांनी खरोखर धुमाकूळ घातला होता. पोलिसांनी टोळ्यांवर मोक्का लावला, कॅमेरे आले, प्रकार बराच ओसरला. तरी गर्दीत शिरताना मंगळसूत्रावर पदर घेणारा हात अजून तसाच वर जातो.

लांबच्या जागेबद्दलची भीती जवळच्या जागेपेक्षा मोठी असते, हेही पुष्कळ देशांत दिसलं आहे. अमेरिकेत १९९३ नंतर हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. त्या काळात गॅलप ही संस्था लोकांना विचारत होती, देशात गुन्हे वाढले का? बहुतेक वर्षी ६० टक्क्यांहून अधिक लोक 'हो' म्हणाले. 'तुमच्या भागात वाढले का?' या प्रश्नाला 'हो' म्हणणारे मात्र कमी. आपली गल्ली माणूस डोळ्यांनी पाहतो, देश पडद्यावर पाहतो. स्टेशन परिसर या दोहोंच्या मधला. तो रोज पायाखालचा, पण तिथली माणसं ओळखीची नसतात.

भीतीचं आणखी एक मूळ आहे आणि ते बोलायला अवघड आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश यांनी शिकागोच्या रस्त्यांचं पद्धतशीर चित्रीकरण करून कचरा, रंगवलेल्या भिंती, दारूच्या बाटल्या मोजल्या आणि मग तिथल्या रहिवाशांना विचारलं, तुमच्याकडे बजबजपुरी किती? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वस्तीत गरीब आणि कृष्णवर्णीय लोकांचं प्रमाण जास्त असेल तर लोकांना प्रत्यक्षात होती त्याहून जास्त बजबजपुरी दिसत होती. आपल्याकडे स्टेशनबाहेर कुणाकडे बोट दाखवलं जातं ते आठवून पाहा. फेरीवाला, पुलाखाली झोपणारा, परप्रांतातून आलेला मजूर. त्यांच्यामुळे रस्ता अडतो ही तक्रार खरी असू शकते. त्यांच्यामुळे गुन्हे वाढले हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. हे दोन दावे आपण फार सहज एकत्र करतो. त्याची शिक्षा भोगणारी माणसं आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर नसतात.

५. जी भीती आकड्यांत मावत नाही

इथवर वाचून भीती म्हणजे सगळा मनाचा खेळ, असं कुणाला वाटलं तर ते चूक ठरेल. स्त्रियांच्या भीतीबद्दल तर सपशेल चूक.

जिन्यावर मुद्दाम दिलेला धक्का, रिक्षाच्या रांगेपर्यंत मागंमागं येणं, अंधाऱ्या स्कायवॉकवर ऐकवलेलं घाणेरडं वाक्य. यांतलं बहुतेक कायद्यानं गुन्हा आहे आणि बहुतेक कधीच नोंदलं जात नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आठवड्यातून दोनदा हे सोसावं लागलं तर वर्षात शंभर घटना होतात, आणि पोलिसांच्या तक्त्यात शून्य. ती जेव्हा म्हणते, "इथं भीती वाटते," तेव्हा ती आपल्याजवळच्या माहितीवरच बोलत असते. फक्त ती माहिती कुणी मागितलेली नसते.

दुसरं असं की भीतीमुळे माणूस वागणं बदलतो आणि त्या वागण्यानं आकडा घटतो. स्कायवॉकवरचे दिवे गेले म्हणून बायका खालून, वाहनांच्या गर्दीतून जाऊ लागल्या, तर स्कायवॉकवर गुन्हा घडणार कुणाविरुद्ध? नकाशावर तो भाग स्वच्छ दिसेल. रात्री नऊनंतर घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री साडेनऊला कुणी लुटत नाही. गुन्हे कमी असलेल्या जागांत खरोखर सुरक्षित जागा असतात आणि माणसांनी सोडून दिलेल्याही असतात. पोलिसांचा आकडा यांतली कोणती कुठली, ते सांगू शकत नाही.

याच विषयात आकडे मात्र एका वेगळ्या जागेकडे बोट दाखवतात. २०२२ मध्ये देशात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१ टक्क्यांहून थोडा अधिक, पती किंवा सासरच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा. नोंदलेल्या बलात्कारांत दहांपैकी नऊहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. आई मुलीला स्टेशनपासून घरापर्यंत फोनवर सोबत करते, तेव्हा तिला धास्ती अनोळखी माणसाची असते. नोंदींतला मोठा धोका ओळखीच्या माणसांकडून येतो. रस्त्यावर दिवे लावा, गस्त वाढवा म्हणून मोर्चा काढता येतो. घरातल्या छळाबद्दल सोसायटीच्या सभेत कुणी विषय काढत नाही.

पैशांच्या बाबतीतही नजर अशीच चुकीच्या जागी राहते. सायबर गुन्ह्यांच्या नोंदी २०२१ मध्ये ५२,९७४ होत्या, २०२२ मध्ये ६५,८९३ झाल्या. १९३० या मदतवाहिनीवर वेळेत फोन न केल्यानं आयुष्यभराची पुंजी गमावलेली माणसं प्रत्येक उपनगरात आहेत. पण या चोरीला रस्ता नाही, अंधारा कोपरा नाही. त्यामुळे "आमचा भाग बिघडला" असं तिच्यामुळे कुणी म्हणत नाही. खिशातल्या साडेतीन हजारांना जपणारा हात फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवतो.

६. भीतीनं घेतलेले बळी

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती तेव्हा देशभर फिरत होत्या. रविवारचा बाजार भरला होता. तिथं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, भिक्षुकीवर जगणारी. जमावानं त्यांना मुलं पळवणारे ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढं पाठवण्यावर बंधन घातलं.

स्टेशन परिसरात असं घडलेलं नाही, म्हणून हा विषय इथं परका आहे असं मला वाटत नाही. 'बाहेरची माणसं', 'टोळी', 'सावध राहा' हे शब्द तेच आहेत. नोंदलेल्या आकड्यांवर कुणाचा विश्वास उरला नाही की त्यांची जागा अफवा घेते. म्हणून खरे, लहान हद्दीचे, ताजे आकडे लोकांपुढं येत राहणं ही मला पोलिसांच्या गस्तीइतकीच गरजेची गोष्ट वाटते.

७. घरोघरी जाऊन विचारलं तर

नोंदवही अपुरी आणि भीती सरमिसळीची, तर घडलेल्या गुन्ह्यांचा अंदाज यायचा कसा? यावर एक उपाय पन्नास वर्षं वापरात आहे. पोलिसांना बाजूला ठेवून थेट लोकांना विचारायचं: गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घरात कुणाची चोरी झाली का? झाली असेल तर पोलिसांत गेलात का? गेला असाल तर काय लिहून घेतलं? अमेरिकेत अशी पाहणी १९७३ पासून होते, इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून. पोलिसांच्या नोंदी फुगल्या की घटल्या याच्याशी या पाहणीला देणंघेणं नसतं, त्यामुळे दोन्ही रेषा शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. इंग्लंडमध्ये गुन्ह्यांनी १९९५ च्या सुमारास उच्चांक गाठला आणि मग ते वर्षानुवर्षं उतरत गेले, हे तिथल्या लोकांना या पाहणीतूनच खात्रीनं कळलं.

भारतात अशी नियमित देशव्यापी पाहणी होत नाही. २०१५-१६ साली आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि बेंगळुरूत वीस हजारांवर घरांमध्ये जाऊन विचारलं. चोरी झालेल्यांपैकी दहांत एकाचाही एफआयआर झालेला नव्हता. म्हणजे तक्त्यातल्या चोऱ्यांच्या ओळीत एक घट झालेली दिसते, तेव्हा उरलेल्या नऊ जणांचं काय झालं हे ती ओळ सांगतच नाही.

देशव्यापी पाहणीची वाट पाहत बसायचंही कारण नाही. ठाण्यासारख्या शहरात सांख्यिकी शिकवणारी महाविद्यालयं आहेत, महापालिका आहे, प्रभाग आहेत. स्टेशनपासून एक किलोमीटरच्या आतली काहीशे घरं आणि दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि तितक्याच प्रवाशांना वेगवेगळ्या वेळी, सकाळच्या, दुपारच्या, शेवटच्या लोकलच्या वेळी, विचारायचं. ओळखीतलेच निवडले तर पाहणी वाया जाते, म्हणून चिठ्ठ्या. प्रश्न थोडे असावेत. वर्षभरात काय गेलं, कुठं गेलं, तक्रार केली का, गहाळ लिहिलं की चोरी लिहिली. कोणता रस्ता किती वाजल्यानंतर टाळता. कुणी छेड काढली का, आणि ते कुणाला सांगितलंत. स्त्रियांना हे विचारणारी स्त्री असावी, आणि शेजारी घरातला पुरुष बसलेला नसावा. पुढच्या वर्षी तेच प्रश्न, त्याच पद्धतीनं, त्याच महिन्यात.

ती उत्तरं हाती आली की आयुक्तांच्या तक्त्याशेजारी ठेवून नेमकं विचारता येईल: आमच्या पाहणीत चाळीस पाकिटं गेली, तुमच्या वहीत तीन आहेत, बाकीची कोणत्या काउंटरवर थांबली? आणि महापालिकेला: साठ बायका ज्या जिन्यावरून जायचं टाळतात, तिथला दिवा कधीपासून बंद आहे?